गणपती पेठेतली जुनी हळदीची पेढी: पाडावी, की पुन्हा वापरात आणावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. सांगलीत गणपती पेठेत आजोबांची हळदीची अडत पेढी, बांधकाम साधारण 1930 च्या सुमाराचं. रस्त्याला लागून दोन गाळे, त्यांत जुने भाडेकरू. मध्ये चौक, मागे गोदाम, पुढच्या भागावर लाकडी माडी. व्यापार मार्केट यार्डात गेल्यापासून मागचा भाग कुलपात. 2019 च्या पुरात छातीभर पाणी, 2021 ला पुन्हा. आता हातात महापालिकेची नोटीस, एका इंजिनिअरचा ‘अतिधोकादायक, पाडा’ असा अहवाल, एका बिल्डरचा कॉम्प्लेक्सचा प्रस्ताव, आणि चुलतभावाच्या डोक्यात कॅफे. थोरल्या चुलत्यांना ती पाडायची नाही, पण खर्चही करायचा नाही. आणि तुम्ही विचारताय, इमारत वाचेल का?

माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा: वाचवून तिथे काय चालणार, आणि त्या व्यवसायाचं वजन, गर्दी, सांडपाणी या इमारतीला झेपणार का? दगड-मातीच्या जुन्या बांधकामांची दुरुस्ती हे माझं रोजचं काम. सांगली-मिरजेत आणि वर कऱ्हाड-वाईकडे ज्या पेढ्या हातातून गेलेल्या पाहिल्या, त्या बहुतेक कुलूप लागल्यावर गेल्या. एक कौल सरकतं, वर जाऊन बघणारं कोणी नसतं, दोन पावसाळ्यांत तुळईचं टोक कुजतं. माणसांचा वावर असलेली इमारत आपली दुखणी वेळेवर सांगते. म्हणून वापर ठरल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका, असं मी घरमालकांना पहिल्याच भेटीत सांगतो.

फोटोंवरून जे ठरवता येत नाही तेही आधीच सांगतो. मागच्या गोदामाची भिंत बाहेरच्या अंगाला फुगली आहे का, तुळयांची भिंतीत गेलेली टोकं शाबूत आहेत का, आणि पाया कुठे खचला आहे का, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. तिन्ही वाईट निघाल्या तर निदान मागचा भाग उतरवावा लागेल, आणि तसं असेल तर मीही उतरवा असंच म्हणेन. एखादी वाईट निघाली तर तिच्यावर इलाज आहे.

आता त्या अहवालाबद्दल. तुम्ही टाकलेल्या पानावर ‘रिबाउंड हॅमर’चे आकडे दिसतात. ती चाचणी काँक्रीटची. काळ्या दगडाच्या भिंतीवर तो हातोडा मारला तर फार तर दगडाचा कठीणपणा कळेल, आणि आपल्या काळ्या दगडाबद्दल कोणाला शंका होती? आपल्याकडच्या या भिंती आत-बाहेर दोन पदरांच्या असतात, मध्ये दगडाच्या कपच्या आणि पांढरी माती भरलेली. भिंत जाते ती दगड फुटून नव्हे. मधली भर भिजून बसते, दोन पदर एकमेकांना सोडतात आणि बाहेरचा पदर पोट काढतो. ते कळण्यासाठी ओळंबा लावावा लागतो, भिंत ठोकून पोकळ आवाज ऐकावा लागतो, एक-दोन ठिकाणी दगड काढून आत बघावं लागतं. यातलं काहीच त्या पानावर नाही. तेव्हा भारवाही भिंतींचं काम केलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दुसरा अहवाल घ्या. राज्यात धोकादायक इमारतींचे चार वर्ग केलेले आहेत. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडा, सी-2 ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा, सी-2 बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करा, सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. तुमचा अंगण-चौक, पुढचा सोपा (म्हणजे गाळ्यांचा भाग) आणि मागचं गोदाम यांची अवस्था सारखी नसणार. पुढचा भाग सी-2 बी आणि मागची भिंत सी-2 ए, असा भागवार निष्कर्ष लिहून मागा. सगळ्या इमारतीला एकच शिक्का मारणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही.

लाकूड तुम्ही स्वतःही बऱ्यापैकी तपासू शकता. सागवान असेल तर अर्धी चिंता कमी. दाभण घेऊन खांबाच्या बुंध्याशी, म्हणजे तळखड्याच्या (खांबाखालच्या दगडाच्या) लगेच वर, आणि तुळई भिंतीत शिरते तिथे टोचून बघा. दाभण सहज आत गेलं तर लाकूड आतून गेलं. कुजलेलं असतं ते बहुधा टोकाचं फूट-दीड फूट, आणि त्यासाठी सबंध तुळई बदलायची गरज नसते. खाली टेकू देऊन कुजका भाग कापायचा, जुन्याच सागवानाचा सांधा द्यायचा, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळायच्या. जुनं सागवान वखारीत आजही मिळतं. पाडलेल्या वाड्यांचंच असतं ते. आणि नवं टोक भिंतीत परत गाडताना भोवती बोटभर हवा खेळायला जागा ठेवायला सांगा. गवंड्याला ते भोक बुजवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि तिथूनच कूज पुन्हा सुरू होते.

भेगांना उगाच घाबरू नका, पण त्यांच्यावर नजर ठेवा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्याबरोबर भेगाही उघडतात-मिटतात. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरच्या दोन ठिपक्यांनी चिकटवा, शेजारी तारीख लिहा. पट्टी एक पावसाळा आणि पुढचा उन्हाळा टिकली तर ती भेग जुनी आणि थांबलेली. तडकली, तर खाली काहीतरी हलतं आहे. शेजारच्या प्लॉटवर आरसीसीसाठी खोल खड्डा घेतला असेल तर त्या बाजूच्या भिंतीवर आधी पट्ट्या लावा.

आता पाणी. सांगलीचा पाऊस बेताचाच, पण पूर येतो तो वरच्या पावसाचा. कृष्णा-कोयनेच्या पाणलोटात धुवांधार कोसळतं, खाली हरिपूरला वारणा मिळते, आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळचं पाणी चढायला लागतं. तिथे 45 फूट ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. 2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांमधल्या, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांमधल्या, हळदीचं काय झालं ते तुमच्या घरात कोणीतरी सांगेलच. म्हणजे तुमच्या तळमजल्यात पाणी पुन्हा येणार, हे धरूनच बेत करायचा. बरेच जण मला दाराला लोखंडी फळ्या आणि रबर लावून पाणी बाहेर अडवता येईल का विचारतात. तुमच्यासारख्या भिंतीत मी ते करू देत नाही. बाहेर मीटरभर पाणी आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे 500 किलोचा आडवा दाब येतो. दीड मीटर पाण्याला तोच दाब 1100 किलोच्या पुढे जातो. भिजलेल्या मातीच्या भरावाची भिंत तो घेण्यासाठी बांधलेलीच नाही. पाणी आत येऊ द्या. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की भिंत उभी राहते. उतरल्यावरही मोठे पंप लावून आतलं पाणी घाईने उपसू नका. बाहेरची माती अजून तुडुंब भिजलेली असते, आतला आधार काढला की ती भिंतीला आत ढकलते.

यातूनच तळमजल्याचं रूप ठरतं. जमिनीला शहाबादी फरशी, खालचा गिलावा चुन्याचा किंवा दगड उघडाच, मांडण्या लोखंडी आणि सुट्या करता येणाऱ्या, कट्टे कडाप्प्याचे. प्लायवूड, जिप्सम आणि भिंतीला जोडलेलं फर्निचर खाली नको. मीटर, मेन स्विच आणि सगळे बोर्ड 2019 च्या खुणेच्या वर, वायरिंग वरून खाली उतरणारं. ती खूण भिंतीवर अजून दिसत असेल तर रंगाखाली जाऊ देऊ नका, तिच्यावर पितळी पट्टी मारून घ्या. पुढच्या भाडेकरूला ती करारापेक्षा लवकर समजते. चौकात वर माल ओढायची कप्पी आणि माडीच्या फळ्यांत झडप असेल, बऱ्याच पेढ्यांत असते. ती दुरुस्त करून ठेवा. नदीची पातळी वाढल्याच्या बातम्या यायला लागल्या की माल वर घ्यायला तिच्यासारखी सोय नाही.

सिमेंटबद्दल एकदाच सांगतो, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे करतात. ओल आलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की वर्ष-दोन वर्षं ती छान दिसते. आत अडकलेली ओल मग वर चढते, आणि जिथे गिलावा संपतो तिथे खार फुटून पोपडे पडतात. तुमच्या फोटोत साडेचार-पाच फुटांवर जी पांढरी रेघ दिसते ती बहुधा हीच. तो गिलावा हातोडी-छिन्नीने काढा, ब्रेकर लावू नका. भिंत निदान एक हिवाळा आणि एक उन्हाळा उघडी वाळू द्या, कोरड्या ब्रशने खार झाडत राहा. मग दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्याने भरा. फुगलेल्या भागात चुन्याचं पातळ मिश्रण खालून वर, टप्प्याटप्प्याने सोडा, आणि दोन पदर जोडणारे आरपार दगड किंवा स्टेनलेस स्टीलचे गज घाला. एकदम भरलं तर ओल्या मिश्रणाच्याच दाबाने भिंत आणखी फुगते. चुन्याचं काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवावं. एप्रिल-मे मध्ये करायची वेळ आलीच तर ओलं बारदान टांगून ठेवा, आणि बारदान तुमच्या गोदामात नक्की सापडेल.

वापराचं बोलू. ‘इथे हळदीची शेकडो पोती असायची, ही इमारत काहीही पेलेल,’ असं तुम्ही लिहिलंय. पोती गोदामात, म्हणजे जमिनीवर होती; त्यांचं वजन इमारतीने कधी उचललंच नाही. माडीवर गादी, चोपड्या, दिवाणजी आणि रिकामं बारदान. भारतीय मानकात घरासाठी दर चौरस मीटरला 200 किलो भार धरतात, दुकानासाठी 400, खुर्च्या पक्क्या न बसवलेल्या सभागृहासाठी 500, आणि गोदामासाठी किमान 750. तुमची माडी, तुळया चांगल्या निघाल्या तर, घर किंवा हलक्या ऑफिसच्या आसपासची समजा. नेमका आकडा इंजिनिअर तुळयांची मापं घेऊन काढेल. म्हणजे वर सीएचं ऑफिस, शिवणकाम, एखाद्या डिझायनरचा स्टुडिओ चालेल. क्लास नको. साठ मुलं एकाच वेळी उठतात आणि एकाच अरुंद लाकडी जिन्याने उतरतात. अभ्यासिका ठीक, पण पुस्तकांची कपाटं ओळीने लावायची नाहीत, कागद फार जड असतो. तेव्हा पुस्तकं खाली ठेवू, असं मनात येईल. 2019 ला इथल्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली, हे विसरू नका.

कॅफेला माझा विरोध नाही, पण चुलतभावाला दोन अटी घाला. स्वयंपाकघर आणि संडास-मोरी जुन्या भिंतींना न टेकता, मागे परसात स्वतंत्र पायावर बांधा, म्हणजे पाइप कुठेही जुन्या भिंतीतून जाणार नाहीत. पुरापेक्षा गळक्या पाइपने बरबाद केलेल्या भिंती मी जास्त पाहिल्या आहेत. आणि बसायची जागा गोदामात ठेवा, माडीवर नको. गोदामाला उंची आहे, खांबांमधले खण मोठे आहेत, जमीन कितीही माणसं पेलते. मंगलोरी कौलांत चार-सहा काचेची कौलं बसवली तर उजेडाचाही प्रश्न मिटतो. खरं सांगायचं तर कॅफेपेक्षा मला त्या गोदामात हळद आणि मसाल्याचं किरकोळ विक्री केंद्र, सोबत दळण आणि पॅकिंग, हे जास्त शोभेल असं वाटतं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्या पेढीचं नाव बाजारात अजून चालत असेल तर ते भांडवलच आहे. फक्त दळणाचं यंत्र जुन्या खांबा-भिंतींपासून दूर, वेगळ्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर आणि रबरी पॅडवर बसवा, त्याची धडधड इमारतीत जाता कामा नये.

बिल्डरच्या प्रस्तावाचा हिशेब मात्र नीट करा, तो उडवून लावू नका. जुनी इमारत उभी आहे तोवर तिची जागा तिची आहे. ती पाडली की नव्या बांधकामाला आजचे नियम लागतात: पार्किंग, सोडायची अंतरं, रस्ता रुंदीकरणाची रेषा, आणि तुमच्याकडे सर्वांत महत्त्वाची पूररेषा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमचा प्लॉट यांच्यात नेमका कुठे बसतो ते नगररचना विभागाकडून लेखी घ्या, आणि मग बिल्डरला विचारा की हे सगळं वजा जाऊन किती चौरस फूट उरतात. अरुंद आणि खोल प्लॉटमध्ये हा आकडा पहिल्या बैठकीत सांगितलेल्या आकड्यापेक्षा बराच खाली येतो. तरीही तो तुमच्या सगळ्या भावांना पटण्याइतका असेल, तर तो तुमचा निर्णय. जुनं आहे म्हणून टिकवायलाच हवं, असं मी कोणाला सांगत नाही.

भाडेकरूंबद्दल वकिलाशी बोलाच, मी फक्त कामावर दिसतं ते सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे जागा राहण्या-वापरण्याजोगी ठेवणं मालकावर आहे, आणि जागा रिकामी केल्याशिवाय होत नाही अशा दुरुस्तीसाठी ताबा घेतला तर काम झाल्यावर भाडेकरूला परत येण्याचा हक्क मिळतो. हे त्यांना तुम्हीच पहिल्यांदा सांगा. कामात अडथळे येतात ते बहुतेक ‘एकदा बाहेर पडलो की संपलं’ या भीतीने. तसा लेखी करार करा, एकेक गाळा पाळीपाळीने करा, तेवढे दिवस त्यांना दुसरीकडे जागा द्या. नवा भाडेकरू घेताना एक गोष्ट माहीत असू द्या: बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना दिलेल्या जागेला हा कायदा लागू होत नाही. आणि जो करार कराल तो नोंदणी केलेला असू द्या.

घरातली वाटणी हा माझा विषय नाही, पण एक विनंती आहे. इमारत उभी चिरून वाटून घेऊ नका. मधोमध सिमेंट विटांची भिंत घालून दोन भावांनी दोन दारं केलेल्या पेढ्या पाहिल्या आहेत. चौकाची हवा जाते, अर्धं छप्पर एक जण दुरुस्त करतो, अर्धं दुसरा करत नाही, आणि पाणी मध्ये मुरतं. मालकी एकत्र ठेवा, उत्पन्न वाटा, दुरुस्तीसाठी भाड्यातला ठरावीक भाग वेगळ्या खात्यात जाऊ द्या. थोरल्या चुलत्यांचा खर्चाला विरोध आहे तो यातून सुटू शकेल. एकरकमी पैसे कोणालाच काढावे लागत नाहीत.

खर्चाचा आकडा न बघता सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. क्रम मात्र मी सांगू शकतो. पहिलं छप्पर, पन्हळी आणि चौकातलं गटार. पाणी वरून आणि खालून मुरणं थांबेपर्यंत बाकी कशालाही पैसे घालू नका. त्यानंतर टेकू आणि लाकूड. मग भिंती, त्यांना वेळ लागतोच. वायरिंग, फरशी, रंग सगळ्यात शेवटी. पुढचा सोपा आधी तयार करून भाड्याने दिलात तर मागच्या गोदामाला त्यातून हातभार लागतो. गिलावा, रंग, होतं त्याच उंचीचं कौलारू काम यांना सहसा परवानगीची अडचण येत नाही. खांब-तुळया बदलणं, जिना हलवणं किंवा गोदामाचं कॅफे करणं, यासाठी महापालिकेत अर्ज लागतो. तोंडी होकारावर काम सुरू करू नका.

आणि ती नोटीस. महापालिका कायद्याच्या कलम 264 (धोकादायक इमारती) खालची असेल तर ती बाजूला ठेवून चालत नाही. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या: दुसरा अहवाल मागवला आहे, इंजिनिअरचं नाव आणि नोंदणी क्रमांक, मागच्या भागात वावर बंद केला आहे, टेकू दिले आहेत, टेकूंचे फोटो जोडले आहेत. टेकू खरोखरच द्या, फोटोपुरते नव्हेत. लोखंडी जॅक भाड्याने मिळतात, त्यांच्याखाली आणि वर जाड लाकडी फळी घाला. आवक-जावक शिक्क्याची पोच घ्या. हे या आठवड्यात करा, बाकीचं दिवाळीनंतर सुरू केलंत तरी चालेल. दरम्यान मागच्या गोदामाच्या भिंतीचा बोळातून, तिरप्या उन्हात घेतलेला एक फोटो टाका. पोट किती सुटलंय ते समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाही.